सतरावा परिच्छेद

पल्लेदारांना 'पल्लेदार' हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणालाच आठवत नाही, पण का ठेवलं ते सगळ्यांना माहीत आहे.

डोळ्यांच्या दवाखान्यात ते मुख्य कारकून होते. जिन्याखालची उतरत्या छताची खोली त्यांची. नवीन माणसाचं तिथे एकदा तरी डोकं आपटायचंच. टेबलावर टोकं काढलेल्या पाच पेन्सिली उंचीप्रमाणे लावलेल्या असत. मसुदा आधी पेन्सिलीनं, मग शाईनं, मग टाइप करून. साधं 'नळ बंद आहे' एवढं कळवायचं असलं तरी हाच क्रम, आणि तसं ते कधी लिहीतच नसत. "सर्व संबंधितांस याद्वारे कळविण्यात येते की" इथून गाडी निघायची, ती नळापर्यंत पोचेस्तोवर वाचणाऱ्याला तहान लागलेली असायची.

लोक हसायचे, पण अडीअडचणीला त्यांच्याकडेच यायचे. कंपाउंडरला दोन दिवसांची रजा हवी होती, तर पल्लेदारांनी असा अर्ज लिहून दिला की मोठ्या डॉक्टरांनी चार दिवसांची दिली आणि वर तब्येतीची चौकशीही केली. म्हाताऱ्या ड्रायव्हरच्या निरोपाला त्यांनी मानपत्र वाचलं, तेव्हा ड्रायव्हर ढसाढसा रडला. नंतर म्हणाला, "काय लिहिलं होतं ते कळलं नाही साहेब, पण माझ्याबद्दल इतका वेळ कोणी बोललं नव्हतं." हे वाक्य पल्लेदारांनी घरी बायकोला निदान दहादा तरी सांगितलं. ती शिवणकाम करायची. मशीनवरून मान वर न करता म्हणायची, "म्हणजे कळलं नाही ते नाहीच."

त्यांच्या साऱ्या लिखाणात त्यांचा जीव होता तो सूचनापत्रात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाला घरी सोडताना काळा चष्मा, थेंबांची बाटली आणि हा कागद देत. अकरा वर्षांपूर्वी पंधरा दिवस खपून त्यांनी तो लिहिला होता. दोन्ही बाजूंना मिळून तेवीस परिच्छेद. आरंभी आभार, मग दवाखान्याची वाटचाल, मग आहार, आंघोळ, झोपण्याची कूस. धोक्याची गोष्ट मुद्दाम मागे ठेवली होती. पाहुण्याला उंबऱ्यातच वाईट बातमी देऊ नये, तसं रुग्णाला आधी धीर द्यावा, असं त्यांचं म्हणणं. सगळं एका कागदावर मावावं म्हणून अक्षर बारीक केलं. ज्याच्या एका डोळ्यावर पट्टी आहे त्याच्या हातात मुंगीएवढ्या अक्षरांचा कागद द्यायचा, यात काही वावगं आहे असं अकरा वर्षांत कोणाच्या मनात आलं नाही. डोळ्यांच्या दवाखान्यातसुद्धा नाही.

म्हणजे एकाच्या मनात आलं होतं.

दवाखान्याची रजिस्टरं बांधायला एक बाइंडर होता. मागच्या गल्लीत त्याचं दुकान. खळीच्या वासाचं, पुठ्ठ्यांच्या चळतींनी भरलेलं, एका माणसाला वळायला जागा नसलेलं. सगळे त्याला बाइंडरकाका म्हणत. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो जिन्याखालच्या खोलीत यायचा, डोकं न आपटता आत शिरायचा, चहा घ्यायचा आणि फाटकी रजिस्टरं खांद्यावर टाकून न्यायचा. छापखान्यातून सूचनापत्रं मोठ्या तावांवर छापून यायची, ती कापून शंभराचे गठ्ठे करणंही त्याच्याकडेच. पहिले गठ्ठे घेऊन आला तेव्हा त्यानं एक कागद उलटसुलट करून पाहिला होता.

"साहेब, कमी लिहून एका बाजूत बसवा की हे. मागचं पान कोण बघतंय? माझी उभी हयात कागदात गेली. लोक मागचं पान चहाचा कप ठेवायला वापरतात."

पल्लेदारांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि हसून म्हणाले, "काका, तुम्ही कागद कापा. वाक्यं कापायची वेळ आली तर तुम्हालाच बोलावू!"

कंपाउंडर खो खो हसला होता. बाइंडरकाकाही हसला होता. पुढे कितीतरी दिवस हा विनोद दवाखान्यात चालला.

अकरा वर्षांनी बाइंडरकाकाच्याच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. सुईत दोरा ओवेना, तेव्हा तो कबूल झाला. "आधी उजवा काढा. सावकाश डावा. धंदा तुमच्याकडचाच, मी दुसरीकडे कुठे जाऊ?" पल्लेदारांनी स्वतः खटपट करून लवकरची तारीख मिळवून दिली. ऑपरेशन छान झालं. सोडायच्या दिवशी वॉर्डात गडबड होती, म्हणून पल्लेदारांनीच चष्मा, थेंब आणि कागद त्याच्या हातात ठेवला. जवळ त्याची लेक उभी होती. ती बेकरीत कामाला. पहाटे चारला भट्टीवर जायची, दुपारी परतायची.

"निवांत वाचा," पल्लेदार म्हणाले होते. "सगळं आहे त्यात."

सगळं होतं. लेकीनं त्या दिवशी दुपारी वाचायला घेतलं. नवव्या परिच्छेदापर्यंत आली आणि तिला बसल्या जागी झोप लागली. पहाटेपासून उभी होती ती. तिसऱ्या दिवशी बापाचा डोळा ठणकू लागला. लेक म्हणाली, दाखवून येऊ. बाप म्हणाला, "वाचलंस ना तूच? पल्लेदारांनी लिहिलंय. दुखणं स्वाभाविक आहे, विचलित व्हायचं नाही." चौथ्या परिच्छेदात ते खरोखरच तसं होतं. तो विचलित झाला नाही. उशी दातांत धरली पण विचलित झाला नाही. पाचव्या दिवशी डोळा रक्तासारखा लाल झाला आणि दिसेनासा झाला, तेव्हा लेकीनं रिक्षात घालून आणला. डॉक्टरांनी आठ दिवस शर्थ केली. डोळा जागेवर राहिला, नजर गेली.

मोठ्या डॉक्टरांनी पल्लेदारांना वर बोलावलं. त्यांच्या टेबलावर सूचनापत्र पालथं पडलं होतं आणि मागच्या पानावरच्या एका परिच्छेदाला लाल पेन्सिलीनं खूण होती.

"वाचवलंत आपण आम्हाला," मोठे डॉक्टर म्हणाले. "परिच्छेद सतरा. वेदना वाढल्यास, लाली आल्यास, कमी दिसल्यास विनाविलंब यावे. स्वच्छ लिहिलंय. वरून चौकशी आली होती, मी हा कागदच पाठवला. रुग्णाला लेखी सूचना दिली होती, त्यानं पाळली नाही. विषय संपला. शाबास!"

पल्लेदार "जी" म्हणाले. एरवी शाबासकीवर चार वाक्यं बोलल्याशिवाय ते खाली उतरत नसत. त्या दिवशी जिना उतरून खोलीत शिरताना त्यांचं स्वतःचं डोकं छताला आपटलं, वीस वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी ते दुकानामागच्या खोलीत भेटायला गेले. बाइंडरकाका खाटेवर बसून पुठ्ठ्यावर हात फिरवत होता. उजवा डोळा पांढुरका, डावा धुक्यातला.

"या साहेब. चहा ठेव गं. साखर घालताना बघून घाल, नाहीतर मी घालतो, म्हणजे मिठाचा होईल." आणि स्वतःच हसला.

लेक हसली नाही. पल्लेदारांना चहाचा कप देताना खाली बघून म्हणाली, "माझ्यामुळे झालं, काका. मागचं पान वाचायचं राहिलं माझं. उद्या वाचू म्हटलं आणि राहिलंच. कागदावर सगळं होतं, असं मोठे डॉक्टर म्हणाले. मी वाचलं असतं तर..."

"झालं हिचं सुरू," बाप म्हणाला. "रोज दोन वेळा म्हणते, थेंबांसारखं."

पल्लेदारांच्या हातात कप होता. इथे बोलायचं होतं. 'बाळ, तुझं काही चुकलं नाही,' एवढंच. पाचच शब्द. आयुष्यभर हजारो शब्द ज्यानं कागदावर ओतले त्याला ते पाच शब्द उचलेनात. "चालायचंच," ते म्हणाले. "नियतीपुढे कोणाचं..." आणि ते वाक्यही त्यांनी अर्धवट सोडलं. चहा कसा होता ते त्यांना घरी पोचल्यावरही आठवलं नाही.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन तीन महिन्यांनी ठरलं होतं. तो एकच डोळा आता शिल्लक होता. आणि तो घेऊन बाइंडरकाका घरी जाईल तेव्हा त्याच्या हातात कागद असणार होता. कोणता, ते पल्लेदारांच्या हातात होतं.

त्यांनी त्याच रविवारी नवा मसुदा केला. सतरावा परिच्छेद उचलून तिसरा केला, त्याखाली रेघ मारली आणि 'विशेष सूचना' असा मथळा दिला. बायकोला वाचून दाखवला. दुसऱ्या परिच्छेदाच्या मध्यावर मशीन परत सुरू झालं.

"अगं, ऐकतेस ना?"

"ऐकतेय की. दवाखाना कधी सुरू झाला इथवर आलंय."

"पुढे महत्त्वाचं आहे."

"मग पुढचंच वाचा ना आधी." तिनं दोरा दातानं तोडला. "माझ्याकडे बाई येते, तिला ब्लाउज हवा असतो. मी तिला कापड कुठून आणलं, मशीन कोणी दिलं, हे सांगत बसले तर ती अंगावर काय घालेल? तिची मापं तरी घेतलीत का तुम्ही? कोणासाठी शिवताय हे?"

पल्लेदारांना राग आला. आणि राग आल्याचीही लाज वाटली, कारण ती बरोबर होती.

सोमवारी त्यांनी एका डोळ्यावर रुमाल बांधला, वर काळा चष्मा चढवला आणि खिडकीशी बसून आपलंच सूचनापत्र वाचायला घेतलं. सहाव्या परिच्छेदापाशी ओळ चुकली. आठव्यात डोळ्यातून पाणी आलं. दारातून कंपाउंडरनं डोकावून विचारलं, "साहेब, तुमचंही ऑपरेशन झालं की काय?" त्यांनी उत्तर दिलं नाही. नवव्या परिच्छेदाला त्यांनी कागद खाली ठेवला. लेकही नवव्यालाच थांबली होती.

मग ते बाहेरच्या बाकांवर जाऊन बसू लागले. घरी निघालेल्या रुग्णांना विचारायचे, "कागद समजला का?" सगळे म्हणायचे, समजला. कोण म्हणणार नाही समजला म्हणून? दोन दिवस त्यांना बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी प्रश्न बदलला. "घरी गेल्यावर डोळा जास्त दुखायला लागला तर काय कराल, आजोबा?"

"लगेच येणार. लाल झाला तरी येणार. कमी दिसलं तरी येणार."

पल्लेदारांचा जीव भांड्यात पडला. "कागदात वाचलंत ना?"

"कागद? तो चष्म्याच्या डबीत आहे, घडी करून. चष्मा खुळखुळत नाही त्यानं. मला मावशींनी सांगितलं."

दुसऱ्यानं तेच सांगितलं, तिसरीनंही. मावशी म्हणजे वॉर्डात साफसफाई करणारी, पट्ट्यांचे डबे उचलणारी बाई. पल्लेदार तिच्यामागे दाराशी जाऊन उभे राहिले. एका म्हातारीला सोडत होते. मावशीनं तिचा हात हातात घेतला आणि एकेक बोट मिटत म्हणाली:

"दुखणं वाढलं, या. लाल झालं, या. कमी दिसलं, या. रात्र असो, सुट्टी असो, या. आणि काही नाही निघालं तरी कोणी रागावणार नाही, मी आहे. आता तुम्ही म्हणा."

म्हातारीनं बोटं मिटत म्हटलं. एक चुकलं. मावशीनं तिचं बोट उघडून परत म्हणायला लावलं.

"मावशी," म्हातारी गेल्यावर पल्लेदारांनी विचारलं, "हे तुम्ही कधीपासून सांगता?"

"झाली की दहा-अकरा वर्षं. का हो साहेब, काही चुकतं का माझं? ते रागावायचं मी माझ्या मनचं घातलंय. लोक कशाला येत नाहीत ठाऊक आहे का? डॉक्टर ओरडतील, उगाच आलात म्हणतील, म्हणून. दुखणं सोसतात, ओरडा सोसवत नाही."

"सगळ्यांना सांगता?"

"माझ्या पाळीत जो जाईल त्याला." मग तिचा आवाज उतरला. "त्या बाइंडरबाबाला सोडलं तेव्हा मी नव्हते. बहीण आजारी होती, आठ दिवस तिच्याकडे गेले होते. मनाला लागून राहिलंय बघा. पण म्हटलं, कागद तर दिला असेल."

पल्लेदार खोलीत येऊन बसले. अकरा वर्षं दवाखाना त्यांच्या कागदावर चालला आहे असं त्यांना वाटत होतं, तो चालला होता मावशीच्या पाच बोटांवर. आणि ज्या आठ दिवसांत ती बोटं नव्हती, त्या आठ दिवसांत कागद उघडा पडला. मग त्यांना आणखी एक विचार आला. मावशीची पाळी रोज एकच. दुसऱ्या पाळीत घरी गेलेली माणसं? अकरा वर्षांतली? त्यांनी जुनी रजिस्टरं काढली. 'उशिरा आल्याने' असा शेरा असलेली नावं शोधत बसले. आठ सापडली, मग त्यांनी रजिस्टर मिटलं. ती सगळी रजिस्टरं बाइंडरकाकानं बांधली होती, पाठीला निळं कापड लावून.

नवा कागद लिहायला त्यांना सहा आठवडे लागले. जुना पंधरा दिवसांत झाला होता. रोज एक वाक्य काढायचं आणि ते निघताना दाढ उपटल्यासारखं वाटायचं. 'तथापि' गेलं. 'उपरोक्त' गेलं. दवाखान्याची वाटचाल गेली, तेव्हा त्यांनी त्या दिवशी दुसरं काही कापलं नाही. रोज बाकावर जाऊन कोणालातरी वाचायला द्यायचे आणि विचारायचे, आता सांगा, काय कराल? जिथे माणूस अडखळला तिथे माणसाचं नव्हे, आपलं चुकलं असं धरायचं, हा नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला. पहिल्या आठवड्यात त्यांना रोजच आपलं चुकलेलं आढळलं. शेवटी जे उरलं ते एका बाजूत मावत होतं, अंगठ्याएवढ्या अक्षरांत, आणि त्यातलं निम्मं मावशीचं होतं.

मोठ्या डॉक्टरांनी कागद हातभर लांब धरून पाहिला.

"हे काय? बालवाडीचा फळा? दवाखान्याची काही शान आहे की नाही? आणि 'कोणी रागावणार नाही' हे काय आहे?"

"त्याशिवाय लोक येत नाहीत, साहेब."

"हे पहा. आत्ता कागद बदलला तर जुन्यात खोट होती असा अर्थ होईल. चौकशी नुकतीच मिटलीय. वर्षभर जाऊ दे."

ऑपरेशनला बारा दिवस उरले होते. पल्लेदार खाली आले. पेन्सिल घेतली नाही, सरळ शाईनंच लिहिलं आणि परत वर जाऊन कागद समोर ठेवला. त्यावर चार ओळी होत्या.

'जुना कागद रुग्णांकडून वाचला जात नव्हता. त्यामुळे बाइंडरचा उजवा डोळा गेला. त्यांनी मला अकरा वर्षांपूर्वी सावध केलं होतं, मी हसण्यावारी नेलं. तो कागद मी लिहिला होता.'

मोठ्या डॉक्टरांनी तो एकदाच वाचला. दुसऱ्यांदा वाचायची गरज पडली नाही.

"इतकं सरळ तुम्ही आजवर काही लिहिलं नव्हतंत."

"नाही, साहेब."

"हा फाइलला लागला तर दवाखाना अडचणीत येईल." त्यांनी चार ओळींचा कागद उचलून पल्लेदारांच्या हातात परत दिला आणि नव्या सूचनापत्राच्या कोपऱ्यात सही केली. "हा छापा. तो घरी घेऊन जा."

पल्लेदारांनी घेतला. एका डोळ्याच्या बदल्यात गप्प बसायचा हा सौदा आहे हे त्यांना कळत होतं, आणि तरीही त्यांनी तो घेतला, कारण डोळा बाइंडरकाकाचा होता. पण चौकशीच्या कागदांत अजून तेच लिहिलेलं होतं: रुग्णाने सूचना पाळली नाही. ते तसंच राहिलं.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. या वेळी काकाला चार दिवस ठेवून घेतलं. सोडताना मावशी हजर होती, तिनं बोटं मिटवून घेतली. पल्लेदारांनी नवा कागद लेकीला दिला. ती तिथेच उभ्या उभ्या वाचू लागली. मिनिटभरात वाचून झाला. तिनं सवयीनं कागद उलटला. मागे कोरं होतं. तिनं परत सुलटा केला, परत उलटला.

"मागे काही नाही?"

"नाही." पल्लेदार म्हणाले. "बाळ, तुझं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं. जे पहिल्या ओळीत असायला हवं होतं ते मी मागच्या पानावर नेऊन ठेवलं. तुझ्या बाबांनी मला तेव्हाच सांगितलं होतं, लोक मागचं पान बघत नाहीत. मी त्यांची थट्टा केली."

लेकीच्या चेहऱ्यावर हलकं वाटल्याचं काही दिसलं नाही.

"तीन महिने झाले, काका. मी रोज भट्टीसमोर उभी राहून तेच म्हणत होते स्वतःला. तुम्ही त्या दिवशी घरी चहा घेतलात. तेव्हा का नाही सांगितलंत?"

"धीर झाला नाही," पल्लेदार म्हणाले.

ती बापाचा हात धरून निघून गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातलाच दवाखान्याच्या दारात रिक्षा थांबली. लेक बेकरीच्या कपड्यांत, कोपरापर्यंत पीठ, आणि काका डाव्या डोळ्यावर हात धरून. जिन्याखालच्या खोलीतून पल्लेदारांनी ते पाहिलं. ते बाहेरच्या बाकावर बसून राहिले. डॉक्टरांनी डोळा तपासायला दहा मिनिटं लावली. पल्लेदारांनी त्या दहा मिनिटांत मावशीसारखी स्वतःची बोटं कितीदा मिटली ते त्यांनाच ठाऊक.

"काही नाहीये," आतून तरुण डॉक्टरचा वैतागलेला आवाज आला. "पापणीचा केस गेला होता. डोळा उत्तम आहे. एवढ्यासाठी सकाळी सकाळी..."

"इथे लिहिलंय," लेकीचा आवाज आला. कागदाची घडी उलगडल्याचा आवाज झाला. "शेवटची ओळ बघा, डॉक्टर. 'काही नाही निघालं तरी कोणी रागावणार नाही.' तुमच्या दवाखान्याचाच कागद आहे. सही आहे खाली."

मग बाइंडरकाका हसला, आणि पाठोपाठ मावशी.

बाहेर येताना लेक पल्लेदारांसमोर थांबली. बाकावर त्यांच्या शेजारी बापाला बसवलं आणि म्हणाली, "मी रिक्षा बघते. तोवर बाबांकडे लक्ष द्या." पल्लेदारांना वाटलं, एवढंही आपल्याला जास्तच आहे.

काकानं डावा डोळा किलकिला करून त्यांच्याकडे पाहिलं. "दिसताय हो चांगले. म्हातारे झालात."

"काका, लेकीनं सांगितलं असेल तुम्हाला."

"सांगितलं."

मग काका म्हणाला, "एक काम करा माझं. तो जुना कागद आहे का तुमच्याकडे? त्याचं मागचं पान वाचून दाखवा. एवढ्या गठ्ठ्यांच्या कडा कापल्या, पण आत काय होतं ते मला कळलंच नाही कधी."

"काका, नको."

"वाचा हो. माझा डोळा त्यात आहे."

पल्लेदार उठले. जिन्याखालून जुना कागद आणला. बाकावर बसून त्यांनी तो उलटा केला आणि बाराव्या परिच्छेदापासून वाचायला सुरुवात केली. अभ्यागतांची वेळ. चष्म्याची निगा. दवाखान्याच्या आवारातली स्वच्छता. शेजारून माणसं जात-येत होती. त्यांनी एकही शब्द गाळला नाही.

"परिच्छेद सतरा. तथापि, उपरोक्त परिच्छेद चारमध्ये नमूद केलेल्या स्वाभाविक वेदनेव्यतिरिक्त, शस्त्रक्रिया झालेल्या नेत्रात उत्तरोत्तर वाढत जाणारी वेदना, आरक्तता अथवा दृष्टिमांद्य यांपैकी कोणतेही लक्षण आढळून आल्यास, संबंधित रुग्णाने वा त्याच्या नातलगाने कोणताही कालापव्यय न करता रुग्णालयाशी प्रत्यक्ष संपर्क साधणे त्याच्याच हिताचे ठरेल, याची कृपया नोंद घ्यावी."

बाइंडरकाका मान किंचित कलती करून ऐकत होता, बांधून झालेल्या रजिस्टरची पाठ हातानं चाचपून बघावी तसा.

"वाक्य चांगलं आहे," तो म्हणाला. "पण राहतं फार लांब."

पल्लेदारांनी मान हलवली. बाहेर रिक्षा आली होती. काका उठला, आणि पायरी किती खोल आहे याचा एका डोळ्यानं अंदाज येईना, म्हणून त्यानं हात पुढे केला. पल्लेदारांनी तो धरला. पहिली पायरी उतरताना त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "आणखी एक आहे."